सदस्यसंख्या आणि संघटना: जिल्हा कर सल्लागार संघटनांच्या कार्यकारिणींस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
महाराष्ट्रातील जिल्हा कर सल्लागार संघटना

विषय: सदस्यवाढ आणि वर्षभराचे उपक्रम

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस जवळ आले की जिल्ह्याजिल्ह्यांतून संघटनांचे अहवाल छापले जातात आणि त्यांत बहुधा पहिल्याच पानावर सदस्यसंख्येत समाधानकारक वाढ झाल्याची नोंद असते. ती नोंद मंजूर होते, अनुमोदन मिळते आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. यंदा त्या नोंदीपाशी आपण थोडे थांबावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी एका जिल्हा संघटनेचा आजीव सदस्य असून तालुक्याच्या गावी आयकर आणि जीएसटीचे काम करतो. सनदी लेखापाल, वकील, कॉस्ट अकाउंटंट, जीएसटी प्रॅक्टिशनर, आयकर रिटर्न भरून देणारे सल्लागार अशा सर्वांना एका छताखाली आणणारी ही एकमेव जागा आहे आणि ती टिकावी, वाढावी, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. म्हणूनच ती नेमकी कशाने वाढते याबद्दल स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते.

आपल्यापैकी बहुतेक संघटना संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्ही कायद्यांखाली नोंदलेल्या आहेत. १८६० च्या कायद्याचे कलम १५ आपण अशिलांच्या संस्थांसाठी अनेकदा उघडले असेल. सदस्य कोणाला म्हणावे हे सांगताना ते कलम असेही सांगते की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला त्या कायद्याखालील कामकाजात मत देता येत नाही आणि सदस्य म्हणून गणलेही जात नाही. म्हणजे सदस्य कोण, हे केवळ यादीतल्या नावावरून ठरत नाही, दरवर्षी टिकवलेल्या संबंधावरून ठरते, ही दृष्टी कायद्यातच आहे. आजीव सदस्यत्वाने आपण हा संबंधच पुसून टाकला. एकदा रक्कम भरली की वर्गणी थकण्याचा प्रश्न उरत नाही आणि संघटनेला त्या माणसाकडे वळून पाहण्याचे कारणही उरत नाही. कित्येक याद्यांत दिवंगत सदस्य आहेत, व्यवसाय सोडून मुलांकडे पुण्या-मुंबईला राहायला गेलेले आहेत, पत्ता आणि भ्रमणध्वनी दोन्ही बदललेले आहेत. यादी अशी फुगत जाते आणि गणपूर्तीसाठी मात्र सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवावी लागते. ज्या संघटनेत हे दरवर्षी घडते, तिथे सदस्यवाढीचा आकडा कोणत्या आधारावर समाधानकारक म्हणायचा?

यात निवडणुकीच्या वर्षाची भर पडते. मतदानाच्या तोंडावर एकाच कार्यालयातील आर्टिकल (सनदी लेखापालाकडील प्रशिक्षणार्थी), अकाउंटंट आणि नातलग यांचे अर्ज एकगठ्ठा येतात, एकाच सहीने त्यांची फी भरली जाते आणि निकालानंतर ती मंडळी पुन्हा दिसत नाहीत. त्या तरुणांना मी दोष देत नाही. त्यांना कोणी संघटना दाखवलीच नाही, फक्त मतपेटी दाखवली. पण त्यांच्या नावाने वाढलेली संख्या अहवालात वाढ म्हणून छापणे हे ताळेबंदात बुडीत येणे चांगले म्हणून दाखवण्यासारखे आहे, आणि अशिलाच्या पुस्तकात असे दिसले तर आपण सही करायला तयार होणार नाही.

एके काळी सदस्य जोडण्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागत नव्हते. का लागत नव्हते, हे नीट समजून घेतले पाहिजे. विक्रीकराच्या काळात, आणि २००५ मध्ये व्हॅट आल्यानंतरही बरीच वर्षे, प्रत्येक सल्लागाराला आठवड्यातून एक-दोनदा तरी विक्रीकर कार्यालयाची पायरी चढावी लागे. आवारातल्या बार रूममध्ये फाइल घेऊन बसलेले ज्येष्ठ भेटत. अधिकाऱ्यासमोर एखाद्याचे असेसमेंट चालू असले की दाराशी उभे राहून नवखा माणूस ऐकत असे. आंतरराज्य विक्रीत सवलतीच्या दरासाठी लागणाऱ्या सी फॉर्मची अडचण, आंतरराज्य विक्रीचा पुरावा, कोणत्या निवाड्याचा आधार घ्यावा, हे सगळे बाहेरच्या टपरीवर चहा घेता घेता समजत असे. आयकर कार्यालयाच्या व्हरांड्यातही तेच. संघटनेने शिकवण्याचा वेगळा कार्यक्रम केला नाही तरी माणसे शिकत होती आणि ओळखी होत असल्यामुळे संघटनेत आपोआप येत होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नोंदणीपासून परताव्यापर्यंत सगळे पोर्टलवर गेले. ऑगस्ट २०२० पासून आयकराची चेहराविरहित आकारणी देशभर सुरू झाली आणि आपली बाजू मांडणारा व ती तपासणारा एकमेकांना दिसेनासे झाले. या व्यवस्थेचे काही फायदे आहेत आणि ते मी नाकारत नाही. पण तिने आपला व्हरांडा काढून घेतला, आणि त्या व्हरांड्यात जे विनासायास घडत होते ते जाणीवपूर्वक घडवण्याची जबाबदारी तेव्हापासून संघटनेवर आली. ती जबाबदारी बहुतेक ठिकाणी कोणी ओळखली नाही, आणि माझ्या मते सदस्यांचा सहभाग ओसरण्याचे मूळ तिथेच आहे.

त्याऐवजी आपण काय उभे केले? व्हॉट्सॲपचे गट, जिथे एकच परिपत्रक दिवसभरात अनेकदा येते आणि त्यातले कोणते रद्द झालेले आहे हे कोणी सांगत नाही. आणि वर्षातून दोन-तीन मोठी चर्चासत्रे. चर्चासत्रांचा मी विरोधक नाही, चांगला वक्ता ऐकण्याचा आनंद मीही घेतला आहे. परंतु त्यांची रचना कोणाच्या सोयीची आहे, हे एकदा तपासावे. निमंत्रणपत्रिकेवर सायंकाळी सहाची वेळ असते. साडेसहाला दीपप्रज्वलन होते, मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मागील अध्यक्षांचा सत्कार, प्रायोजक सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रतिनिधीचे मनोगत, आणि वक्ता उभा राहतो तेव्हा पावणेआठ होत आलेले असतात. तालुक्याहून आलेल्या माणसाची शेवटची एसटी साडेआठची असते. गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात माझ्या शेजारी बसलेला एक तरुण जीएसटी प्रॅक्टिशनर वही उघडून, तारीख आणि विषय लिहून तयार बसला होता. वक्त्यांनी प्रस्तावना संपवून इनपुट टॅक्स क्रेडिटच्या, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीच्या, मुख्य मुद्द्याला हात घातला तेवढ्यात तो उठला, वही पिशवीत टाकली आणि वाकून, कोणाला अडथळा होऊ नये अशा बेताने बाहेर गेला. त्या पानावर तारीख आणि विषय यांपलीकडे काही नव्हते. अहवालात त्या दिवशीची उपस्थिती मोजताना तोही मोजला गेला असेल. पुढच्या कार्यक्रमाला तो का येईल, याचे उत्तर मात्र आपल्याकडे नाही.

माझे मुख्य म्हणणे आता मांडतो. जिल्हा संघटनेचा कणा चर्चासत्र नसून अभ्यास मंडळ असला पाहिजे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, सत्कार-समारंभाशिवाय, एका टेबलाभोवती बसून कायद्याचे एकेक प्रकरण वाचणारे, प्रत्यक्ष आलेल्या नोटिसा समोर ठेवून त्यांची उत्तरे तयार करणारे मंडळ. मुंबईत ही परंपरा जुनी आहे. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स १९२६ साली स्थापन झाली, बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी जुलै १९४९ मध्ये, म्हणजे सनदी लेखापालांची राष्ट्रीय संस्था अस्तित्वात आली त्याच महिन्यात. या संस्था इतकी वर्षे टिकल्या त्यात इमारती आणि निधी यांचा वाटा असेलच, पण सातत्याने चाललेल्या व्याख्यानसभा, अभ्यासगट आणि प्रकाशने यांचा वाटा मला अधिक मोठा वाटतो. मुंबईला जे जमले ते आपल्याला जमणार नाही असे समजण्याचे कारण नाही. अभ्यास मंडळाला पैसा लागत नाही. एक खोली, एक पडदा, एक जबाबदार संयोजक आणि दर आठवड्याला आपले दोन तास देणारे दोन-तीन ज्येष्ठ एवढेच लागते. यातली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून ज्येष्ठांना व्यासपीठावर शाल देण्याऐवजी त्यांना या टेबलाशी बसवणे हा त्यांचा खरा मान ठरेल, असे मी आग्रहाने म्हणतो.

अशा मंडळासाठी याहून योग्य वेळ आपल्या कारकिर्दीत पुन्हा येणार नाही. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने १९६१ च्या कायद्यावर ज्यांचे उभे आयुष्य गेले ते ज्येष्ठ आणि काल व्यवसायात आलेला तरुण हे दोघेही कलमांच्या क्रमांकांपुरते एका रेषेवर आले आहेत. ५३६ कलमांचा हा कायदा आहे. मागील वर्ष आणि आकारणी वर्ष ही जोडी जाऊन कर वर्ष ही एकच संकल्पना आली. टॅक्स ऑडिटचे, म्हणजे आयकरासाठीच्या लेखापरीक्षणाचे, कलम ४४एबी आता ६३ झाले, ८०सी मधल्या वजावटी १२३ मध्ये गेल्या, आणि पगाराव्यतिरिक्तच्या उद्गम करकपातीची (टीडीएस) विखुरलेली कलमे ३९३ च्या तक्त्यांत एकत्र आली. हे नवे क्रमांक पाठ करणे सोपे आहे. कठीण आहे ते वेगळेच: १ एप्रिल २०२६ पूर्वीच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालणार असल्यामुळे पुढची कित्येक वर्षे दोन्ही कायदे शेजारी शेजारी वापरावे लागतील, आणि कोणत्या नोटिशीला कोणते कलम लागू, कोणती मुदत मोजायची, हे प्रत्येक फाइलीगणिक ठरवावे लागेल. एकट्याने, रात्री कार्यालयात बसून हे करणाऱ्याच्या हातून चूक होण्याची शक्यता मोठी आहे. दहा जण मिळून दर आठवड्याला एक प्रकरण घेतील, तरुणाने वाचून मांडावे आणि ज्येष्ठाने जुन्या निवाड्यांचा संदर्भ जोडून ते तपासावे असा क्रम ठेवतील, तर वर्षभरात त्या जिल्ह्यात नवा कायदा नीट वाचलेले दहा लोक तयार होतील. हा सदस्यवाढीचा आकडा मला अहवालात वाचायला आवडेल.

जीएसटीच्या बाजूला गरज अधिकच तीव्र आहे. तालुक्याच्या बाजारपेठेतील दुकानदाराला टपालाने काही येत नाही. कारणे दाखवा नोटीस पोर्टलवर चढते, तीही अनेकदा अतिरिक्त नोटिसा व आदेश अशा वेगळ्या कप्प्यात. दुकानदार तो कप्पा उघडत नाही आणि रिटर्न भरणारा अकाउंटंट जीएसटीआर-१ व ३बी या नेहमीच्या रिटर्नपुरताच आत जातो. आदेश एकतर्फी होतो, अपिलाची तीन महिन्यांची मुदत जाते, विलंब माफ करता येतो तो आणखी एकच महिना तोही जातो, आणि बँक खाते गोठवले गेल्यावर तो माणूस आपल्या दारात येतो. अशा प्रकरणांत कायद्याच्या ज्ञानाइतकीच मसुदा लिहिण्याची सवय लागते. २०१७ पासून आठ वर्षे वाट पाहिल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी अपिलीय न्यायाधिकरणाचे औपचारिक उद्घाटन झाले, त्यामुळे साठलेली प्रकरणे आता तिथे जात आहेत. वस्तुस्थितीचे निवेदन, अपिलाची कारणे, आधाराचे निवाडे, अपिलापूर्वी भरावयाच्या पूर्वजमा रकमेचा हिशेब हे सारे नीट लिहिता आले नाही तर जिंकण्याजोगे प्रकरणही हातचे जाते. आपल्या जिल्ह्यांत रिटर्न भरणारे पुष्कळ आहेत, अपील लिहिणारे फार थोडे. नाव आणि क्रमांक झाकलेली एक खरी नोटीस पडद्यावर लावून, उपस्थितांनी तिथेच उत्तराचा मसुदा लिहावा आणि तो सर्वांसमोर दुरुस्त व्हावा, असे एक सत्र वर्षभराच्या भाषणांपेक्षा अधिक शिकवील. चर्चेची भाषा मराठी असावी. नोटीस इंग्रजीत असली तरी तिचा अर्थ अशिलाला आपण मराठीतच सांगतो, आणि ज्याला तो मराठीत नीट सांगता येतो त्याला तो समजलेला असतो.

अभ्यासासाठी साहित्य शोधायला दूर जाण्याचीही गरज नाही, आपली संघटना स्वतःच एक उत्तम प्रकरण आहे. सदस्यांकडून घेतलेल्या वर्गणीवर जीएसटी लागतो का? कलकत्ता क्लबच्या प्रकरणात ३ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परस्परतेचे तत्त्व, म्हणजे संस्था आणि तिचे सदस्य वेगळे नसल्याने त्यांच्यातील व्यवहारावर कर नाही हे तत्त्व, कायम ठेवले. त्यानंतर वित्त अधिनियम, २०२१ ने केंद्रीय जीएसटी कायद्यात संस्था आणि सदस्य यांना वेगळे मानणारे कलम ७(१)(एए) घालून ते १ जुलै २०१७ पासून लागू केले, आणि एप्रिल २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रकरणात ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. चर्चासत्राच्या शुल्कातून उरणारी रक्कम, प्रायोजकांचे पैसे, आजीव वर्गणीचा स्थायी निधी यांची कर आकारणी कशी व्हावी, हे आपल्याच लेखापरीक्षकांसमोरचे प्रश्न आहेत. आणि कार्यकारिणी बदलल्यावर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा बदल अर्ज किती संघटनांनी वेळेत केला आहे, हेही प्रत्येक कार्यकारिणीने आपल्या दप्तरात पाहावे. दुसऱ्यांची अनुपालने सांभाळणाऱ्यांच्या संस्थेचे दप्तर नमुना म्हणून दाखवता यावे, ही अपेक्षा फार नाही.

आता त्या विषयाकडे येतो, ज्यासाठी खरे तर मला हे पत्र लिहावेसे वाटले. आपल्यातील बहुसंख्य लोक एकट्याने व्यवसाय करतात. कार्यालयात एक-दोन मदतनीस, बाकी सारे एका माणसाच्या डोक्यात. तो माणूस आजारी पडला किंवा गेला, तर काय होते? आमच्या भागातील एक सल्लागार टॅक्स ऑडिटच्या ऐन हंगामात हृदयविकाराने गेले. तेराव्याच्या आतच त्यांच्या पत्नीला अशिलांचे फोन सुरू झाले होते. त्यात माणुसकी नव्हती असे मी म्हणणार नाही, मुदत जवळ आली होती आणि लोक घाबरले होते. संगणकाचा पासवर्ड कोणाला माहीत नव्हता. डिजिटल सह्यांचे टोकन एका मिठाईच्या डब्यात होते, त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतली निम्मी नावे पुसली गेली होती. लॉगिनची वही सापडली, पण तिच्यातले बरेच पासवर्ड बदललेले निघाले. अखेरीस चार सहकारी आपापली कामे बाजूला ठेवून त्यांच्या घरी बसले, जेवणाच्या टेबलावर फाइली पसरल्या, कोणाची मुदत आधी, कोणाचे ऑडिट अर्धे झाले आहे, कोणाची कागदपत्रे परत द्यायची, अशी वाटणी केली आणि येणे असलेल्या फीची यादी करून ती वहिनींच्या हाती दिली. ती फी पुढे वहिनींच्या खात्यात जमा होईल हे सहकाऱ्यांनी पाहिले. या चौघांना कोणी ठराव करून पाठवले नव्हते. संघटनेच्या दप्तरात या कामाची एका ओळीची नोंद नाही, शोकसभेची मात्र छायाचित्रासह आहे.

माझ्या दृष्टीने त्या टेबलाभोवतीचे ते दोन दिवस हेच संघटनेचे काम होते. ते चार माणसांच्या चांगुलपणावर न सोडता त्याची व्यवस्था लागली पाहिजे. प्रत्येक सदस्याने आपल्या पश्चात किंवा गंभीर आजारपणात काम कोणी पाहावे याचे नाव आपल्या हयातीतच संघटनेकडे बंद लिफाफ्यात द्यावे. अशिलांची यादी आणि प्रलंबित कामांची नोंद कशी ठेवावी याचा एक साधा नमुना संघटनेने द्यावा. अशा प्रसंगी काम हाती घेणारे सदस्य आधीच ठरलेले असावेत, आणि त्यांनी ते अशील कायमचे आपल्याकडे ओढू नयेत, निदान कुटुंबाचे येणे चुकते होईपर्यंत तरी, असा लेखी संकेत असावा. सनदी लेखापालांच्या राष्ट्रीय संस्थेचा गरजू सदस्यांसाठी व कुटुंबीयांसाठी कल्याण निधी आहे. तालुक्यातील जीएसटी प्रॅक्टिशनरच्या कुटुंबामागे मात्र कोणीच उभे नाही. स्थायी निधीवरील व्याजाचा काही भाग स्नेहभोजनाऐवजी या कामी वळवता येईल. ज्या दिवशी तालुक्यातल्या एकट्या सल्लागाराला कळेल की आपल्यामागे आपले घर आणि आपली फाइल दोन्ही पाहणारे कोणी आहे, त्या दिवशी त्याला सदस्य करून घेण्यासाठी कोणाला त्याच्या कार्यालयात पावतीपुस्तक घेऊन जावे लागणार नाही.

तालुका हा शब्द या पत्रात वारंवार आला आहे, कारण वाढीला जागा तिथेच आहे. जिल्ह्याच्या शहरातील बहुतेक व्यावसायिक आधीच सदस्य आहेत. अभ्यास मंडळाची एक बैठक दर महिन्याला आळीपाळीने तालुक्याच्या गावी, दुपारच्या वेळी घेता येईल. जिल्ह्याच्या शहरातून चारचाकीत चार ज्येष्ठांनी यावे, हे तालुक्यातल्या वीस जणांनी एसटीने शहरात जाण्यापेक्षा सोपे आहे. वेळ दुपारची ठेवली तर आणखी एक गोष्ट होईल: व्यवसायात असलेल्या महिला सदस्यांची उपस्थिती वाढेल. रात्री जेवणासह संपणाऱ्या कार्यक्रमांना त्या येत नाहीत आणि मग त्यांना रस नाही असा निष्कर्ष काढला जातो, तो अन्यायाचा आहे. देशातील पहिल्या महिला सनदी लेखापाल आर. शिवभोगम यांनी १९५० च्या दशकात दक्षिण भारत विभागीय परिषदेचे अध्यक्षपद सांभाळले होते. आपल्यातील किती जिल्हा संघटनांना आजवर एकदाही महिला अध्यक्ष लाभली, याचे उत्तर ज्या त्या संघटनेने स्वतः शोधावे.

पदवीवरून होणारा भेद हा नाजूक विषय आहे, पण तो टाळून चालणार नाही. काही संघटनांत मतदानाचा अधिकार ठराविक पदवीधारकांनाच आहे, काही ठिकाणी घटनेत तसे नसले तरी व्यासपीठावरची आसने तसेच सांगतात. ऑडिटचा अधिकार कोणाला, न्यायाधिकरणापुढे कोण उभे राहू शकतो, हे कायद्याने ठरवले आहे आणि त्यात संघटनेने ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. मात्र शिकण्याच्या टेबलावर हा भेद आणू नये. बाजारपेठेत वर्षानुवर्षे जमाखर्च लिहिणारा अकाउंटंट मालाची हालचाल, बिलांची रीत आणि उधारीचे व्यवहार यांबद्दल जे जाणतो ते पुस्तकात नसते. आर्टिकल आणि अकाउंटंट यांच्यासाठी मताधिकार नसलेला, अल्प वार्षिक शुल्काचा प्रशिक्षणार्थी सदस्यत्वाचा वर्ग घटनेत असावा. त्यांना अभ्यास मंडळात पूर्ण प्रवेश मिळेल आणि निवडणुकीच्या हिशेबात त्यांचा वापर होणार नाही. आर्टिकलशिप २०२३ पासून तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, तेव्हा कार्यालयात शिकण्याचा जो काळ कमी झाला त्याची काही भरपाईही यातून होईल.

निवेदने देण्याच्या उपक्रमाबद्दल थोडक्यात. पोर्टल बंद पडले, मुदत जवळ आली की आपण अधिकाऱ्यांना निवेदन देतो आणि छायाचित्र वर्तमानपत्रात येते. त्यापुढे काय झाले हे फारसे कळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थान आणि कर्नाटकातील व्यावसायिकांच्या संघटना टॅक्स ऑडिटच्या मुदतीसाठी आपापल्या उच्च न्यायालयात गेल्या, तिथे मुदतवाढीचे निर्देश मिळाले, आणि २५ सप्टेंबरला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० सप्टेंबरची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. प्रत्येक प्रश्नावर न्यायालयात जावे असे माझे म्हणणे नाही. पण तारीख, वेळ, पडद्याचे छायाचित्र आणि तक्रार क्रमांक यांसह सदस्यांच्या अडचणींची पद्धतशीर नोंद संघटनेने वर्षभर ठेवली, तर निवेदनाला वजन येते आणि वेळ पडली तर याचिकेलाही आधार मिळतो.

अर्थसंकल्पावरील व्याख्यानाचेही असेच. ज्येष्ठ विधिज्ञ नानी पालखीवाला यांचे अर्थसंकल्पावरील भाषण ऐकायला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये हजारो सामान्य माणसे येत. करासारखा विषय लोकांना नको असतो हा समज त्यांनी खोटा पाडला. आपण मात्र हे व्याख्यान वातानुकूलित सभागृहात, आपल्याच माणसांपुढे, इंग्रजी सरकचित्रांसह घेतो. ते बाजार समितीच्या आवारात, मराठीत, व्यापारी, अडते आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांपुढे घेऊन पाहावे. संघटनेचे नाव ज्या समाजाच्या बळावर चालते त्याच्यापर्यंत ते पोहोचेल.

आपण सर्व पदाधिकारी स्वतःच्या व्यवसायाचा वेळ काढून, विनामोबदला हे काम करता. सभागृह ठरवणे, वक्त्याला आणणे, प्रायोजक मिळवणे यांत किती दमछाक होते हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याबद्दल मला कृतज्ञता वाटते. ही सगळी मेहनत मोजक्या समारंभांत खर्च न होता वर्षभराच्या शांत कामात लागावी, एवढेच माझे मागणे आहे.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे तीन ठराव ठेवावेत, अशी विनंती मी माझ्या संघटनेकडे लेखी करणार आहे आणि आपणही करावी. आजीव सदस्यांची निःशुल्क पडताळणी करून, प्रत्येकाशी प्रत्यक्ष संपर्क साधून, सभेच्या आधी सक्रिय आणि निष्क्रिय अशा दोन याद्या स्वतंत्रपणे प्रसिद्ध कराव्यात. नव्या आयकर कायद्याच्या पहिल्या प्रकरणापासून साप्ताहिक अभ्यास मंडळ सुरू करावे आणि त्याची महिन्यातली एक बैठक तालुक्यात घ्यावी. सदस्याच्या आजारपणात वा निधनानंतर त्याचे कार्यालय सांभाळण्यासाठी स्थायी समिती नेमावी. पुढच्या वर्षीच्या अहवालात सदस्यसंख्येच्या ओळीखाली अभ्यास मंडळाच्या किती बैठका झाल्या, प्रत्येक बैठकीस किती जण शेवटपर्यंत बसले, तालुक्यांतून किती आले आणि समितीने किती कार्यालयांना हात दिला, हे आकडेही छापावेत. अभ्यास मंडळाच्या पहिल्या तालुका बैठकीसाठी आमच्या गावातील जागेची, पडद्याची आणि दुपारच्या चहाची व्यवस्था मी करीन. तारीख मात्र जीएसटीआर-३बी भरण्याच्या वीस तारखेनंतरची ठेवावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक आजीव सदस्य व कर सल्लागार